गाणं उचलणारी अनसामाय

आमच्याकडच्या बायका हळदीचं गाणं चुकीचं म्हणतात. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आवाज जिथे खाली यायला हवा, तिथे त्या तो वर नेतात आणि पुढचं सगळं गाणं टाचा उंचावून म्हटल्यासारखं म्हणतात. गेल्या महिन्यात माहेरच्या वस्तीत भाचीच्या मुलीच्या हळदीला ते मी पुन्हा ऐकलं. मांडवात पंचवीसेक बायका होत्या, सगळ्या मन लावून गात होत्या, आणि हे असं नाही हे त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण 'असं नाही तर मग कसं, म्हणून दाखव' असं कोणी म्हटलं असतं तर मला ते जमलं नसतं. तेव्हा मी गुमान हळद लावून घेतली, जेवले आणि घरी आले.

ती चूक माझ्या आजीची म्हणून ओळखली जायला हवी होती, पण तिला ओळखणारंच आता कोणी उरलं नाही. आणि खरं सांगायचं तर ती चूक आजीची नाहीच. आमची आहे, त्यातही जास्त माझी आहे.

आजीचं नाव अनसूया. आम्ही नातवंडं तिला माय म्हणायचो आणि बाकी सगळी वस्ती अनसामाय. अमरावतीच्या कडेला आमचा मळा होता. एक विहीर, तिच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या अंगाला शेवंती आणि झेंडू. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मोठमोठे निर्णय नागपूरला होत असत म्हणे. आमच्याकडचे निर्णय आजी घेत असे. आजोबा मोट हाकत, आजी फुलं तोडता तोडता गात असे, आणि त्या दोघांत बोलणं असं फारसं होत नसे. आजोबांची एकच तक्रार होती. बैल त्यांचं ऐकत नसत, आजीचं ऐकत. तिचं कडवं संपेपर्यंत ते बरोबर मागे सरकत आणि ती श्वास घ्यायला थांबली की तेही मान हलवत उभे राहत.

अंगानं ती ठेंगणी होती. कासोटा घट्ट, कुंकू ठसठशीत, आणि चालणं असं की पुढे कोणी दिसलं तर त्यानंच बाजूला व्हावं. लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं. तिचं सगळं शिक्षण कानानं झालेलं. बाजारात मडकं घेताना ती त्याचा रंग बघत नसे, बोटाच्या पेरानं टिचकी मारून कान लावत असे. कुंभार म्हणायचा, अनसामायनं नाकारलेलं मडकं दुसरं गिऱ्हाईकही घेत नाही, तिला आधी दाखवूच नये. फुलांच्या वाफ्यात वाकलेली असताना मधेच ती विहिरीकडे तोंड करून ओरडायची, "चाकाले तेल द्या." आजोबांना मोटेचं चाक रोजच्यासारखंच वाटत असायचं. ते पुटपुटत उठायचे, तेल घालायचे, आणि घातल्यावर त्यांनाही फरक कळायचा. ते कबूल मात्र करत नसत.

जात्याचं तर विचारूच नका. जातं गुळगुळीत झालं की त्याला छिन्नीनं टाके घालून घ्यावे लागतात. ते घालणारी एक बाई वर्षातून दोनदा वस्तीत यायची. बाकीच्या घरी तिचं काम घटकाभरात व्हायचं. आमच्याकडे आजी मूठभर ज्वारी टाकून जातं फिरवायची, कान दगडाजवळ न्यायची आणि म्हणायची, "आजून बोलत नाही." की ती बाई पुन्हा छिन्नी घेऊन बसायची. तिसऱ्या खेपेला तिनं वैतागून विचारलं की तुम्हाला पीठ पाहिजे का भजन. आजी म्हणाली, दोन्ही. त्या बाईला मग जेवू घातल्याशिवाय तिनं सोडलं नाही.

गावातल्या एका वकिलांकडे आजी रोज पूजेची फुलं पोचवायची. वकीलीणबाई पुण्याकडच्या होत्या. आमची भाषा त्यांच्या कानाला खडबडीत लागायची आणि आजीशी बोलताना त्या प्रत्येक शब्द तोलून मापून, लहान मुलाशी बोलावं तशा बोलायच्या. त्यांच्याकडे नवीन ग्रामोफोन आला. सगळं घर त्याच्याभोवती बसलेलं, आणि आजी फुलांची टोपली घेऊन ओसरीत उभी. कोणा नावाजलेल्या बाईंचं गाणं लागलं होतं. सगळे माना डोलावत होते. आजीनं थोडा वेळ ऐकलं आणि वकीलीणबाईंना म्हणाली, "ते बाई नाही थकली वं. तुमचा बाजा थकला. चावी द्या त्याले." वकील हसले, पण उठून चावी दिली. गाणाऱ्या बाईचा आवाज सरसर चढत आपल्या जागी जाऊन बसला. त्यानंतर नवीन तबकडी आली की वकील फुलांच्या वेळेची वाट बघत आणि आजी आल्यावरच ती लावत. वकीलीणबाईही तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागल्या.

हे सगळं खरं, पण आजीचं मोठेपण लग्नात. आमच्याकडे हळदीची गाणी सगळ्या बायका मिळून म्हणतात, पण पहिली ओळ एकटीनं म्हणायची असते. त्याला गाणं उचलणं म्हणतात. उचलणारी जिथे सूर धरील तिथे बाकीच्यांनी यायचं. ती नेईल तिकडे जायचं. तिला मधे टोकायचं नाही आणि हळदीचं गाणं मधेच थांबवायचं नाही, नाहीतर नवरीला अपशकुन होतो. हे मी लहानपणापासून इतकं ऐकलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही. चाळीस वर्षं आमच्या वस्तीतल्या हळदीची गाणी आजीनं उचलली. लग्नाच्या आधी दोन दिवस ती आंबट खायची नाही आणि भांडायचीही नाही. कोणाशी भांडण निघालंच तर ती लग्नानंतरचा दिवस नेमून द्यायची आणि त्या दिवशी आठवणीनं जाऊन भांडून यायची.

भाद्रपद-आश्विनात, भुलाबाईच्या महिन्यात, वस्तीतल्या पोरी संध्याकाळी आमच्या अंगणात जमायच्या. भुलाबाईची गाणी झाली की आजी त्यांना हळदीचीही शिकवायची, कारण या पोरी आज ना उद्या कोणाच्या तरी मांडवात बसणार होत्या. माझी थोरली बहीण वत्सला बरी गायची. मला गळा नव्हता. आजीनं दोन वर्षं खटपट केली आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून सांगितलं की तू नुसती जवळ बैस. मी बसायची. त्यामुळे सगळ्यात आधी मला कळलं.

एका वर्षी टाके घालणारी बाई आली आणि आजीनं पहिल्याच खेपेला मान डोलावली. त्या बाईलाही आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी पीठ भरड आलं. आईनं काही न बोलता ते पुन्हा दळलं. मग मोटेचं चाक कुरकुरायला लागलं आणि दोन दिवस कुरकुरत राहिलं. तिसऱ्या दिवशी आजोबांनी आपण होऊन तेल घातलं. तेव्हापासून मी बघू लागले. आजोबा आजीला मागून हाक मारत नव्हते. वाफ्याला वळसा घालून तिच्यासमोर जात आणि मगच बोलत. किती दिवसांपासून ते असं करत होते कोण जाणे.

गाणं बिघडलं ते हळूहळू. बोलताना आजीचा आवाज नेहमीसारखाच होता. गाताना मात्र सूर वर सरकायचा. एकदम नाही. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी थोडा, मग प्रत्येक कडव्याला आणखी थोडा. पहिल्या लग्नात बायका म्हणाल्या की अनसामायच्या आवाजाला या वयात काय चढ आहे. दुसऱ्या लग्नात त्यांना धाप लागली. तिसऱ्या लग्नापर्यंत सगळ्यांना समजलं होतं आणि कोणी काही बोललं नाही. ती उचलायची, आणि सगळ्या तिच्यामागून वर जायच्या. उचलणारीला टोकायचं नसतं. अंगणातल्या पोरींनाही तेच गाणं आलं, कारण त्यांनी दुसरं ऐकलंच नव्हतं.

आई एकदा लग्नाहून परत येताना म्हणाली की कोणीतरी सांगायला पाहिजे. पण ती सून, ती कशी सांगणार. तिनं आजोबांकडे विषय काढला. आजोबा जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "गाऊ द्या तिले. आपलं काय जाते?" अशी तीन वर्षं गेली.

मग वत्सलाचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याला शाळेत मास्तर होता. त्याच्या आजोबांना अंथरुणावरून हलवता येत नव्हतं, म्हणून लग्न अकोल्याला, त्यांच्या दारी करायचं ठरलं. आजीला ते फार पसंत पडलं. नव्या गावात, नव्या माणसांपुढे, आपल्या नातीची हळद. तिनं महिनाभर आधी लोणचं सोडलं.

आईची झोप उडाली. अमरावतीत आपल्या बायका सांभाळून घेत होत्या, अकोल्याच्या कशाला घेतील? त्यात नवऱ्याचा थोरला भाऊ भजनात पेटी वाजवायचा, आणि त्यांच्याकडच्या बायका हौसेनं पेटीवर गायच्या अशी बातमी आली होती. आईनं मला बाजूला घेतलं. "तुयं ऐकते ते," ती म्हणाली. "तू सांग. म्हणावं, या टायमाले दुसऱ्या कोणाले उचलू द्या." मी पंधरा वर्षांची होते, सातवी पास झाले होते आणि आपल्याला सगळं नीट सांगता येतं असा माझा समज होता.

पहिल्यांदा मी फुलं तोडताना प्रयत्न केला. तिच्यासमोर जाऊन विचारलं की माय, तुला हल्ली नीट ऐकू येतं का. ती म्हणाली, येते तं, तूच तोंडातल्या तोंडात बोलतं. दुसऱ्यांदा बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याच्या गाडीत बसल्यावर. आजी खिडकीशी होती, वऱ्हाडातली काळी रानं मागे जात होती, आणि ती इतकी खुशीत होती की तिनं माझ्या मांडीवर बोटांनी ताल धरला. मी तोंड उघडलं आणि तहान लागली म्हणून सांगितलं. तिसरी संधी हळदीच्या दिवशी सकाळी होती. ती नवं लुगडं नेसत होती. तिनं मला निऱ्या धरायला लावल्या, आणि मी निऱ्या धरल्या.

हळद दुपारी लागली. वत्सला पाटावर बसली. समोर अकोल्याच्या बायका, त्यांच्या बाजूला नवऱ्याचा भाऊ पेटी घेऊन. आमच्या बाजूला चौदा जणी आणि मध्ये आजी. तिच्या शेजारी मी. विहीणबाईंनी मानानं सांगितलं की पहिलं गाणं अनसामायनं उचलावं. आजीनं उचललं. पेटीवाल्यानं तिचा सूर पकडला, अकोल्याच्या बायका त्यात आल्या, आणि पहिलं कडवं असं झालं की मला वाटलं आम्ही सगळे उगीच भ्यालो होतो.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आजी वर गेली. पेटी खालीच राहिली. आणि आमच्या चौदाही बायका, एकीनंही मागेपुढे न बघता, आजीबरोबर वर गेल्या. त्यांना पेटी ऐकू येत होती. तरी त्या गेल्या. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यांतली एक जरी पेटीबरोबर राहिली असती तर आजीनं तिचं तोंड बघून काहीतरी ओळखलं असतं. पण आपल्या माणसाला परक्या मांडवात एकटं पाडायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. अकोल्याच्या बायका थांबल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. मागे बसलेली एक पोरगी मोठ्यानं हसली.

आजीनं पेटीवाल्याचे हात पाहिले. ते पेटीवरून उचललेले होते. तिनं त्या हसणाऱ्या पोरीकडे पाहिलं. मग वळून आमच्या बायकांकडे पाहिलं, त्या गातच होत्या, कारण ती गात होती. नवरी पाटावर होती, थांबणं शक्य नव्हतं. तिनं राहिलेली तिन्ही कडवी त्याच आवाजात पुरी केली. मग हात जोडले. विहीणबाई चांगल्या बाई होत्या, त्यांनी सगळ्यांच्या आधी उठून तिची ओटी भरली आणि पुढचं गाणं दुसऱ्या कोणाला तरी उचलायला सांगितलं.

हळद झाल्यावर आजी मागच्या अंगणात हौदाशी हात धूत होती. मी तांब्यानं पाणी घालत होते. तिनं माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "मी कुठी चालली गेलती वं?"

मी म्हटलं, कुठेच नाही, पेटीच खराब होती. तिच्या हाताची हळद निघाली होती तरी तिनं हात पुढेच धरले होते.

"किती दिस झाले?"

मी तीन बोटं दाखवली. तिला दिवस वाटतील, महिने वाटतील म्हणून पुढे ओरडून सांगितलं, "तीन वर्सं, माय."

"आन तुमी साऱ्या माह्यासंगं गात होत्या?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"मंग सांगतलं कावून नाही?"

मी पाणी घालत राहिले. ती रडली नाही. ती मनात काहीतरी मोजत होती असं वाटलं, आणि मग ती म्हणाली की सुभद्रेचं लग्न, गंगूच्या पोरीचं लग्न, आणि अंगणातल्या साऱ्या पोट्ट्या. तेव्हा मला कळलं की आपल्याला हसले याचा ती विचारच करत नव्हती. या तीन वर्षांत कोणाकोणाला चुकीचं गाणं गेलं, ते ती आठवत होती.

अमरावतीला परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं पोरींना बोलावलं. भुलाबाईला अवकाश होता, तरी बोलावलं. त्यांना अंगणात बसवून सांगितलं की तुम्हाला मी वाईट शिकवलं, आता नीट शिका. पण शिकवणार कसं? गाणं तिच्या डोक्यात अगदी शाबूत होतं. तोंडातून काढलं की ते वर जायचं, आणि ते जातंय हे तिला आता आमच्या चेहऱ्यांवरून समजायचं. मग तिनं हातानं दाखवलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी हात असा अलगद खाली आणायची. पोरी आवाज खाली आणायच्या, कोणी जास्त, कोणी कमी, कोणी भलतीकडेच. ती पोरीच्या गळ्यावर तळवा ठेवायची आणि डोळे मिटायची. गळा थरथरतो एवढं तिला कळत होतं. त्यातून सूर काही कळत नव्हता.

मग ती माझ्याकडे बघायची. "बरोबर हाय का?"

चुकीचं काय ते मला ऐकू यायचं, पण बरोबर काय ते मला येत नव्हतं. इतकी वर्षं जवळ बसून मी ते कधी धरूनच ठेवलं नव्हतं, ती आहे ना, म्हणून. आईला आणि वस्तीतल्या बायकांना विचारावं, तर तीन वर्षं आजीमागून जाऊन जाऊन त्यांचाही आवाज आता तिथे आपोआप वरच जात होता. वत्सलाला आलं असतं, पण ती अकोल्याला नव्या घरात होती आणि वर्षभर तरी येणार नव्हती. पुढे आली तेव्हा तीही तिकडचं पेटीवरचं गाणं म्हणू लागली होती.

असं चार दिवस चाललं. पोरी कंटाळल्या. त्यांतली एक म्हणाली की आमाले हेच येते, हेच चांगलं लागते. चौथ्या दिवशी आजीचा घसा बसला होता, तरी ती हात खाली आणून दाखवत होती. पोरींनी कडवं म्हटलं. दुसऱ्याच्या शेवटी त्या पुन्हा वर गेल्या, पहिल्यासारख्याच. आजीनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या अजिजीनं माझ्याकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला बघवेना.

मी मान डोलावली. बरोबर आहे म्हणून.

तिचा चेहरा सुटला. तिनं पोरींना गूळ-शेंगदाणे दिले, त्यांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि सांगितलं की आता हे विसरू नका. त्या विसरल्या नाहीत. त्यांनी आपल्या मुलींना शिकवलं, मुलींनी त्यांच्या मुलींना.

आजीनं त्यानंतर गाणं उचललं नाही. लग्नाला जायची, पुढे बसायची, बायकांची तोंडं बघायची. माझं लग्न झालं, मी धामणगावला गेले. आजोबा गेले. वऱ्हाडात पुष्कळ उलथापालथ झाली, मळ्यात मोटेच्या जागी इंजिन आलं. आजी होती. पंच्याऐंशीच्या पुढे गेली तरी सकाळी फुलं तीच तोडायची. मी माहेरी गेले की दर खेपेला ठरवायची की ते मान डोलावणं खोटं होतं हे तिला सांगून टाकायचं. पण सांगून तिनं काय करायचं होतं? शिकवायला तिच्याकडे ना आवाज होता ना कान. माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून मी मोकळी झाले असते, एवढंच. तेही मला जमलं नाही, आणि एका फाल्गुनात ती गेली.

शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या पौषात. सकाळची वेळ होती. विहिरीजवळ उन्हात आजी सुपात शेवंती घेऊन बसली होती. मी जाऊन शेजारी बसले, तिला कळलं नाही. फुलं निवडणारे हात थांबले होते. एक बोट गुडघ्यावर ताल देत होतं आणि ओठ हलत होते. शब्द ओळखीचे होते, हळदीचंच गाणं होतं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आली आणि तिनं नाराजीनं मान हलवली. मागे जाऊन तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा घेतली, आणि या वेळी तिचं तोंड उजळलं. जमलं होतं. ती पुढच्या कडव्यावर गेली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, कान टवकारून, श्वास धरून बसले होते, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.